आवडले, पण का?

शाळेच्या ग्रंथालयातून आणलेले पुस्तक वाचून आपण परत करावयास निघतो. वाटेत एखादा मित्र विचारतो, "कसे आहे रे पुस्तक?" आपण उत्तर देतो, "छान आहे!" किंवा "काही अर्थ नाही त्यात!" तेथेच ते बोलणे संपते. मित्राला पुस्तकाविषयी काय कळले बरे? काहीच नाही. ते आपल्याला आवडले की नाही, एवढेच काय ते कळले. ही झाली आपली आवड. त्या आवडीमागचे कारण शोधून काढणे आणि ते दुसऱ्याला समजेल अशा रीतीने सांगणे, याला परीक्षण म्हणतात.

'परि' म्हणजे सभोवार आणि 'ईक्षण' म्हणजे पाहणे. यावरून 'परीक्षण' हा शब्द झाला आहे. एखादी वस्तू सर्व बाजूंनी नीट पाहणे म्हणजे तिचे परीक्षण करणे. सोनार दागिना हाती घेतो, तेव्हा नुसत्या झगझगाटाला तो भुलत नाही. कसोटीच्या काळ्या दगडावर तो सोने घासतो आणि उमटलेल्या रेघेवरून त्याचा कस ठरवितो. दागिना श्रीमंताचा आहे की गरिबाचा, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पुस्तक, नाटक किंवा चित्रपट यांची पारख करणाऱ्याची वृत्तीही अशीच असावी लागते.

आपल्या देशातील जाणत्यांनी ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली होती. कालिदासाचे नाव आज सर्वतोमुखी आहे. परंतु तोही एके काळी नवखाच होता. त्याच्या 'मालविकाग्निमित्र' या नाटकाच्या आरंभी एक मौजेचा संवाद आहे. सूत्रधार हे नवे नाटक रंगभूमीवर आणण्याचे ठरवितो, तेव्हा त्याचा सहकारी शंका काढतो. भासासारखे कीर्तिमान नाटककार असताना आजच्या या कवीला एवढा मान कशासाठी, असे तो विचारतो. सूत्रधाराच्या उत्तराचे सार असे, की जुनेपणा हा काही गुण नव्हे व नवेपणा हा काही दोष नव्हे. ज्याने त्याने स्वतः पारख केली पाहिजे. केवळ नाव अपरिचित म्हणून प्रेक्षकांनी त्या दिवशी पाठ फिरविली असती, तर एका थोर कवीच्या नाटकाला ते मुकले असते!

आता ही पारख करावयाची कशी, ते एका परिचित पुस्तकावरून पाहू. साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आश्रमातील सोबत्यांना श्याम रोज रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. म्हणूनच त्यातील प्रकरणांना 'रात्र' असे नाव आहे.

परीक्षकाने पहिला प्रश्न विचारावा तो असा : लेखकाला काय साधावयाचे आहे? येथे साध्यासुध्या घरगुती प्रसंगांतून आईने मुलाच्या मनाला कसे वळण लावले, हे लेखकाला दाखवावयाचे आहे. तेव्हा 'यात लढाया नाहीत, साहसे नाहीत' अशी तक्रार करणे रास्त होणार नाही. आंब्याच्या झाडाला नारळ लागले नाहीत, म्हणून कोणी त्याला दोष देतो काय?

दुसरा प्रश्न : त्यासाठी लेखकाने कोणते साधन वापरले आहे? श्यामची भाषा बोलण्याची आहे, ओघवती आहे. ती वाचताना आपणही त्या सोबत्यांमध्ये बसून ऐकत आहोत, असे वाटते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : लेखकाचा हेतू कितपत सफळ झाला आहे? याचे उत्तर देताना पुस्तकातील पुरावा दिला पाहिजे. श्यामच्या पोहण्याचा प्रसंग घ्या. श्याम पाण्याला भितो व लपून बसतो. तेव्हा आई त्याला मार देऊन पोहावयास पाठविते. हे वाचून एखादी मुलगी म्हणेल, "आईने मारावयास नको होते. भीती माराने जात नाही." दुसरी म्हणेल, "आपला मुलगा भित्रा राहू नये, यासाठीच आईची ती धडपड होती." दोघींची मते भिन्न आहेत, तथापि दोघींनीही कारण दिले आहे, म्हणून त्यांची चर्चा होऊ शकते. मात्र एक पथ्य दोघींनीही पाळले पाहिजे. पुढे तीच आई श्यामची प्रेमाने समजूत घालते, हा भाग पहिलीने लपवू नये. आणि श्यामला मार बसला, हे दुसरीने झाकू नये. आपल्या मताला अडचणीचा असलेला भागही प्रामाणिकपणे सांगणे, हाच परीक्षकाचा खरा धर्म होय.

या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट काढला. वनमालाबाईंनी त्यात आईची भूमिका केली. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच देण्यात आले, तेव्हा या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. परंतु 'पदक मिळाले म्हणून चित्रपट चांगला' असे म्हणणे म्हणजे दुसऱ्याचे मत उसने घेणे होय. तसेच 'पुस्तकातले सगळेच प्रसंग यात नाहीत' एवढ्यावरून त्याला नावे ठेवणेही बरोबर नाही. पुस्तकात आईचा चेहरा आपण मनाने रंगवितो. पडद्यावर तो अभिनेत्रीच्या रूपाने प्रत्यक्ष दिसतो. साधन बदलले म्हणजे मांडणीही बदलते. जे घेतले आहे त्यातून आईची माया व करारीपणा मनाला भिडतो का, हे आपण पाहावे.

नाटकाची गोष्ट आणखी निराळी. त्याचा प्रत्येक प्रयोग नव्याने होतो. म्हणून आपण पाहिलेल्या प्रयोगाविषयीच बोलावे. संगणकावरील खेळांनाही हेच प्रश्न विचारता येतात. हा खेळ बुद्धीला चालना देतो, की नुसती बोटे हलवितो? हार होते ती आपल्या चुकीमुळे, की केवळ दैवामुळे?

शेवटी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दोष दाखवावयाचा तो कृतीचा. कर्त्याची टवाळी करू नये. आणि कथेतील रहस्य आधीच फोडून दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालू नये.

यापुढे कोणी विचारले, "कसे आहे पुस्तक?" तर "छान आहे" एवढ्यावर थांबू नका. "कारण..." असे म्हणून पुढचे वाक्य उच्चारा. ते वाक्य शोधताना कदाचित पुस्तक पुन्हा उघडावे लागेल, कदाचित आपले पहिले मत बदलावेही लागेल. त्यात कमीपणा मुळीच नाही. उसने मत सहज मिळते. परंतु कारणांच्या आधाराने बनविलेले मतच आपले स्वतःचे असते.