जुना लायटर : त्याची पारख आणि निगा

हिंगोली जिल्ह्याची भूमि काळ्या पाषाणाची आहे. प्राचीन काळीं ज्वालामुखीचा रस थिजून बनलेल्या ह्या खडकाच्या पोकळ्यांत गारगोटीचे व अकीकाचे खडे सांपडतात. आगपेटी खेडोपाडीं पोहोंचण्यापूर्वीं असा एक खडा, पोलादाचा एक तुकडा आणि चिमूटभर कापूस एवढ्या सामग्रीवर शेतकऱ्याची चिलीम पेटत असे. ह्या सामग्रीला चकमक म्हणत, आणि ती तंबाखूच्या चंचींतच राही. चिरूट ओढणाऱ्या साहेबाच्या खिशांत पुढें जो लायटर आला, तो ह्या चकमकीचेंच धाकटें भावंड होय. थोरल्या भावंडाचें मोल पैशांत होतें; धाकट्याचें आज हजारों रुपयांत होऊं शकतें.

कित्येक सुशिक्षित कुटुंबांत आजोबांच्या पेटींतून एखादा चांदीचा किंवा सोनेरी लायटर निघतो. तो चालत नाहीं म्हणून एक कुटुंब तो मोडींत देतें आणि चांदीच्या वजनाचे पैसे घेऊन समाधान मानतें. दुसरें कुटुंब तशीच वस्तु हौसेनें बाजारांतून विकत घेतें आणि चार दिवसांनीं कळतें कीं, आंतलें यंत्र भलत्याच लायटरचें आहे. तिसऱ्या घरीं लायटर अस्सल असतो, परंतु चिंच व राख लावून घांसतां घांसतां त्याचा मुलामाच नाहींसा झालेला असतो. पहिल्याचें नुकसान अज्ञानानें, दुसऱ्याचें घाईनें आणि तिसऱ्याचें अति उत्साहानें होतें. थोडी माहिती असल्यास हीं तिन्ही टाळतां येतात.

प्रथम ठिणगी कशी पडते हें पाहूं. चकमकींत गारगोटी कठीण आणि पोलाद त्या मानानें मऊ असतें. आघात होतांच गारगोटी पोलादाचा अतिसूक्ष्म कण खरवडून काढते. घर्षणानें तो तापतो, हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग होतो आणि तो पेटतो. ठिणगी दगडाची नसून लोखंडाची असते. लायटरमध्यें हीच क्रिया उलट होते. तेथें दांतेरी चाक पोलादाचें असतें आणि तें खालचा लहानसा खडा खरवडतें. हा खडा दगड नव्हेच; तो सीरियम ह्या धातूचा व लोखंडाचा मिश्रधातु आहे. त्याचा कण सहज पेट घेतो, म्हणून अंगठ्याचा हलका फटकाराही पुरतो. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख ह्या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानें १९०३ सालीं ह्या मिश्रधातूचें पेटंट घेतलें.

ह्याच गृहस्थानें १८८५ सालीं गॅसच्या दिव्याची जाळी शोधून काढली होती. ज्या गॅसबत्त्यांच्या उजेडांत मराठवाड्यांतील वराती निघत, त्यांची पांढरीशुभ्र जाळी ती हीच. जाळीला थोरियम लागे आणि तें मोनाझाइट नांवाच्या वाळूंतून काढीत. थोरियम काढून घेतल्यावर जो अवशेष उरे, त्यांत सीरियम विपुल असे. त्याचा उपयोग शोधतां शोधतां लायटरचा खडा जन्मास आला. ह्या वाळूचे मोठे सांठे १९०९ सालीं त्रावणकोरच्या किनाऱ्यावर आढळले. स्वातंत्र्यानंतर १९५० सालीं इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि केरळांतील अलवाये येथें ह्या वाळूवर प्रक्रिया करणारा कारखाना उभा राहिला. वरातींतील दिवा आणि साहेबाचा लायटर असे एकाच वाळूचे नातलग आहेत.

पेटंटचें हें साल खरेदी करणाऱ्यानें मनांत पक्कें ठेवावें. हिंगोली हें हैदराबाद कंटिंजंट ह्या फौजेचें ठाणें होतें. १९०३ सालीं ती फौज हिंदी सैन्यांत विलीन झाली आणि येथली छावणी उठली. आतां एखाद्या विक्रेत्यानें चाकाचा लायटर पुढें करून ‘हा हिंगोलीच्या छावणींतल्या कप्तानसाहेबाचा’ अशी कथा सांगितली, तर ती ऐकावी. पण तिच्यासाठीं जादा किंमत देऊं नये. ज्या वर्षीं खड्याचें पेटंट निघालें त्याच वर्षीं छावणी उठली. मग तो लायटर त्या कप्तानाच्या खिशांत येणार कोठून? त्या काळच्या अधिकाऱ्याजवळ मेणकाड्यांची चपटी चांदीची डबी असे आणि काडी ओढण्यासाठीं तिच्या कडेला खांचा असत. तशी डबी मिळाल्यास मात्र कथेचा विचार करण्यास हरकत नाहीं.

खिशांतील उंची लायटरचा खरा काळ १९२० नंतरचा आहे. लंडनच्या डनहिल कंपनीचा ‘युनिक’ लायटर १९२४ च्या सुमारास बाजारांत आला. त्याचें चाक आडवें बसविलेलें असल्यानें तो एका हातानें पेटवितां येई. अमेरिकेंत रॉन्सन कंपनीनें १९२६ सालीं ‘बॅंजो’ काढला. त्यांत एकाच दाबानें ठिणगी पडून वात पेटे आणि बोट उचलतांच विझे. १९३३ सालीं झिप्पो आला; तो उंची नव्हे, पण वाऱ्यांत न विझणारा. फ्रान्समधील एस. टी. ड्यूपाँ कंपनीनें पहिला लायटर १९४१ सालीं केला. हे सारे पेट्रोलवर चालणारे होते. ब्यूटेन गॅसचे लायटर दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारांत आले; डनहिलचा ‘रोलागॅस’ १९५६ चा आहे. म्हणून तळाशीं गॅस भरण्याचें छिद्र असलेला लायटर कोणी १९२५ सालचा म्हणून विकूं लागल्यास बोलणें तेथेंच थांबवावें.

चिरुटासाठीं लायटर घेणाऱ्यानें आणखी एक भेद जाणावा. चिरूट जाड असतो. त्याचें तोंड सर्व बाजूंनीं सारखें पेटण्यास मोठी आणि कांहीं वेळ टिकणारी ज्योत लागते. शिवाय त्याचें पान वास चटकन् ओढून घेतें. पेट्रोलच्या वातीचा वास त्याला लागतो, ब्यूटेनचा तितका लागत नाहीं. ह्यामुळें चिरुटाचे शौकीन गॅसचा लायटर पसंत करतात आणि पेट्रोलचा जुना लायटर बहुधा संग्रहासाठीं ठेवतात.

मुंबईच्या चोरबाजारांत मटन स्ट्रीटवर किंवा कोठेंही जुना लायटर पाहतांना आरंभ तळापासून करावा. तेथें कंपनीचें नांव, देश आणि धातूच्या खुणा असतात. इंग्रजी चांदीवर चालत्या सिंहाचा छाप असल्यास शेंकडा ९२॥ भाग शुद्ध चांदी समजावी. बिबट्याचें मुख लंडनची आणि नांगर बर्मिंगहॅमची तपासणी दर्शवितो. शेजारच्या अक्षरावरून वर्ष काढतां येतें. ‘ई. पी. एन. एस.’ हीं अक्षरें असतील तर तो केवळ चांदीचा मुलामा होय. सोन्यावर ३७५ हा अंक नऊ कॅरटचा आणि ७५० हा अठरा कॅरटचा. सराफाच्या कसोटीवर लायटर घांसूं देऊं नये. तिचा ओरखडा किंमत कमी करतो.

मग झांकण उघडून पाहावें. बिजागरी ढिली नसावी आणि झांकण नीट बसावें. तळाचे स्क्रू हातानें फिरतात कीं पकडीनें पिळल्याच्या खुणा त्यांवर आहेत, हें पाहावें. कोपऱ्यांवर मुलाम्याखालचें पितळ दिसतें काय, हेंही पाहावें. सर्वच भाग सारखे झिजलेले असणें हें चांगलें लक्षण आहे. देह जुना आणि चाक कोरें दिसल्यास भाग बदलल्याचा संशय घ्यावा. ठिणगी न पडणें हा मोठा दोष नव्हे, कारण खडा नवा मिळतो. परंतु हरवलेला मूळ स्क्रू मिळणें कठीण असतें.

कायद्याचीही जाण असावी. पुराणवस्तूंविषयींचा १९७२ चा कायदा शंभर वर्षें पूर्ण झालेल्या कलाकुसरीच्या व ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंना लागू होतो आणि अशा वस्तु खाजगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहींत. १९२० च्या दशकांतील लायटर आतां ह्या मर्यादेला येऊन पोहोंचले आहेत. इंधन भरलेला लायटर टपालानेंही पाठवूं नये.

आतां निगेकडे वळूं. जुन्या लायटरचा पहिला शत्रु म्हणजे त्याच्याच पोटांतील विसरलेला खडा. सीरियमला दमट हवा सोसत नाहीं. चार पावसाळे गेले कीं खडा फुगतो, त्याची पूड होते आणि ती नळींत घट्ट बसते. अशा वेळीं हातोडी किंवा यांत्रिक गिरमिट वापरूं नये. नळींत गंज सोडविणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडून एक दिवस थांबावें, आणि बारीक तारेनें ती पूड हळूहळू काढावी. नंतर नळी स्वच्छ पुसून कोरडी करावी. लायटर वापरांत नसेल तेव्हां खडा काढूनच ठेवावा.

चाकाच्या दांतांत बसलेली काजळी जुन्या दांतघांसणीनें झाडावी. चाकाला तेल लावूं नये, नाहींतर तें खड्यावरून घसरतें. तेल बिजागरीला, तेंही घड्याळाचें आणि टांचणीच्या टोकावर मावेल एवढेंच. वातीचें टोंक जळून कडक झालें असेल तर चिमट्यानें ती थोडी वर ओढून तेवढाच भाग कापावा. आंतला कापूस काळा पडला असल्यास नवा स्वच्छ कापूस सैलसर भरावा.

पेट्रोल लायटरसाठीं शुद्ध केलेलें तेंच वापरावें. मोटारीचें पेट्रोल किंवा रॉकेल नको. कापूस ओला व्हावा, निथळूं नये, इतकेंच भरावें. भरल्यावर लायटर व हात पुसून, जरा वेळ थांबून, मगच चाक फिरवावें. घाईनें पेटविल्यास बोटांना लागलेलें पेट्रोल वातीआधीं पेट घेतें. वैशाखांत तें चार दिवसांत उडून जातें. हा लायटरचा दोष नव्हे, उन्हाळ्याचा आहे.

गॅसच्या लायटरमध्यें रबराचीं बारीक कडीं असतात आणि तीं कालांतरानें चिरतात. झडपेवर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवावा. बुडबुडे आल्यास गळती आहे असें समजून जाणत्या कारागिराकडून कडीं बदलून घ्यावीं. भरण्यापूर्वीं उरलेला गॅस मोकळ्या हवेंत सोडावा, लायटर उलटा धरावा आणि गॅसची डबी वरून उभी दाबावी. ब्यूटेन हवेहून जड असल्यानें तो जमिनीलगत साठतो. म्हणून तेवत्या समईजवळ किंवा चुलीपाशीं हें काम कधींही करूं नये. २० अंश उष्णतेला त्याचा दाब हवेच्या सुमारें दुप्पट असतो, ४५ अंशांना तो सुमारें चौपट होतो. मराठवाड्याच्या उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींत असा लायटर ठेवणें म्हणजे संकट ओढवून घेणेंच होय.

बाहेरच्या अंगाला मऊ सुती फडकें पुरे. तांब्याच्या घागरीला शोभणारी चिंच, राख वा रांगोळी येथें घातक आहे, कारण मुलामा केंसाहूनही पातळ असतो. लाखेचा लेप असल्यास स्पिरिट लावूं नये. चांदीवर आलेली काळी झांक थोडी राहूं द्यावी. नक्षी तिच्यामुळेंच उठून दिसते, आणि प्रत्येक घांसणींत थोडी चांदी जाते.

तंबाखूचे दुष्परिणाम आज सर्वांस ठाऊक आहेत, आणि लायटर जपण्यासाठीं चिरूट ओढलाच पाहिजे असें नाहीं. वीज गेलेल्या रात्रीं मेणबत्ती लावण्याचें काम तो उत्तम करील. मात्र तो मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं ठेवावा, आणि तो कोणाचा, कोठून आला व केव्हां दुरुस्त केला हें एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याजवळ ठेवावें. मग पुढच्या पिढीला तो मोडींत घालण्यापूर्वीं निदान एकदां विचार करावा लागेल.