पाण्यावरची शिस्त (भाग ४) : होडीत बसण्याआधी किती चालते?

मागच्या भागात होडीत किती माणसं बसवावीत ते पाहिलं. आता त्याहून अवघड प्रश्न: होडी चालवणाऱ्याने किती घेतलेली चालते? आपण कुंभारी गावचे लोक होडीत बसतो ते पंढरपूरला चंद्रभागेत, नाहीतर उजनीच्या बॅकवॉटरला. सहलीला डब्यांसोबत बाटलीही निघते, म्हणून हा प्रश्न आपलाच.

आधी आकडे. रस्त्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा. जहाजावर ड्युटी करणाऱ्यांना २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने ५०, अमेरिकेत हौशी बोटवाल्यांना ८०.

आता हिशेब मांडू. ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. साठ किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने साधारण २५ मिलिग्रॅमची भर पडते. दुसऱ्या पेगला रस्त्याची मर्यादा गेलीच. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची मोठी बाटली म्हणजे चार पेग. शरीर तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास निपटतं. लिंबू, कॉफी, आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवलेला माणूस सकाळी सहाला ताजातवाना दिसला, तरी त्याच्या रक्तात दारू असू शकते.

हातभट्टीचं तर मापच नाही. अशा दारूचा कडकपणा कोणत्या लेबलवर वाचणार?

शिवाय पाणी म्हणजे रस्ता नव्हे. ऊन, वारा, इंजिनाची थरथर आणि हेलकावे यांनी न पिताही माणूस थकतो. दारू कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला गोंधळवते. बुडताना वर कुठे, खाली कुठे हेच कळेनासं होतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, अंग लवकर गार पडतं. आणि लहान होडी उलटायला चालकच प्यालेला असावा लागत नाही. कडेला उभा राहिलेला एक प्रवासी पुरतो.

२१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीत उलटली, सहा जण गेले. तिथे कारण वादळी वारा होतं, दारू नव्हे. पण शुद्धीत असलेल्यांनाही पाणी किती कमी वेळ देतं, हे त्यातून दिसतं.

निष्काळजीपणे बोट चालवून जीव धोक्यात घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८२ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा नियम सोपा ठेवा: चालवणाऱ्याला शून्य, आदल्या रात्रीसकट. बसणाऱ्यांनी काठावर परतेपर्यंत बाटली उघडू नये. नावाड्याच्या तोंडाला वास आला, तर भाडं दिलेलं असलं तरी उतरा.

पुढच्या आठवड्यात : लाइफ जॅकेट नीट कसं बांधायचं.