काचेच्या समुद्रातली भांडणे

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातले देखणे जीव एकमेकांच्या जिवावर का उठतात? हे वैर आधीच कसे टाळता येईल?

आमच्या शेजारच्या घरी हौसेने खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय आले. निळे डॅमसेल, केशरी क्लाउनफिश, एक ठिपकेदार ट्रिगर मासा आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी. सात वर्षांच्या मुलीचा जीव त्या कोळंबीत अडकला होता. चौथ्या दिवशी सकाळी ती रडतच उठवायला आली, "आई, माझी कोळंबी कुठे गेली?" तळाच्या वाळूत फक्त दोन पांढऱ्या मिशा उरल्या होत्या. दुकानदाराने तर सांगितले होते, "सगळे गुण्यागोविंदाने राहतात!"

दोष माशाचा नव्हता, निवडीचा होता.

भांडण कशासाठी?

पहिले कारण भूक. ट्रिगर माशाचे जबडे खेकडे आणि काटेरी समुद्री साळू फोडून खाण्यासाठीच बनलेले असतात. फुगणारा पफर मासाही कवचाचे प्राणी आवडीने खातो, तर लायनफिश कोळंबी सरळ गिळतो. यांच्यासोबत कोळंबी ठेवणे म्हणजे मांजरापुढे दुधाची वाटी ठेवणे.

दुसरे कारण जागा. डॅमसेल बोटाएवढा, पण एखादा दगड त्याने आपला मानला की मोठ्या माशावरही धावून जातो. समुद्रात हरलेला मासा दूर पळून जातो. चार फुटांच्या पेटीत पळणार कुठे?

तिसरे कारण भाऊबंदकी. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, लांब चिमट्यांची बॉक्सर कोळंबी जोडीने सुखात राहते, पण दोन नर किंवा दोन माद्या एकत्र आल्या तर एकीचा जीव जाऊ शकतो. क्लाउनफिशमध्ये सर्वांत मोठा मासा मादी असते. ती मेली की तिचा जोडीदार नरच मादी बनतो! लहान पेटीत असे तीन-चार मोठे मासे ठेवले, तर दुबळ्याला कोपऱ्यात दिवस काढावे लागतात.

बिनकण्याचे जीवही गरीब नाहीत

शंखात राहणारा खेकडा मोठ्या घराच्या लोभाने गोगलगाईला मारून तिचा शंख बळकावतो. समुद्रपुष्प दिसते फुलासारखे, पण त्याच्या डंख मारणाऱ्या दोऱ्यांत लहान मासा अडकला की त्याचे भोजन होते. क्लाउनफिशला मात्र अंगावरच्या चिकट थरामुळे तिथे आसरा मिळतो.

कोळंबी वाढताना जुने कवच टाकते. ते पारदर्शक कवच पाहून अनेकांना वाटते, ती मेली. खरे तर ती मऊ अंगाने दगडाआड लपलेली असते. याच वेळी तिच्यावर हल्ला होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. तिला हुडकू नका.

हे लक्षात ठेवा

• आधी ठरवा, कोळंबी-खेकडे हवेत की शिकारी मासे. दोन्ही एका पेटीत नकोत.

• शांत जीव आधी सोडा, दांडगट सर्वांत शेवटी.

• नवा मासा सोडताना दगडांची मांडणी बदला आणि दिवा काही तास बंद ठेवा. सर्वांनाच घर नवे वाटले की जुन्यांचा ताठा उतरतो.

• प्रत्येकाला लपायला एक तरी कपार हवी.

• फाटलेले पर, कोपऱ्यात थांबणे, खाणे सोडणे ही मार खाल्ल्याची चिन्हे आहेत. मार खाणाऱ्याला लगेच वेगळे करा.

• माशांच्या रोगावरचे तांबेयुक्त औषध कोळंबी, खेकडे, गोगलगाई यांना मारक ठरते. आजारी माशावर वेगळ्या पेटीतच उपचार करा.

आणखी एक गोष्ट. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकडी यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये २००१ पासून संरक्षण आहे. कोणी कितीही आग्रह केला, तरी ते विकत घेऊ नका. क्लाउनफिशची पैदास मात्र आता आपल्याकडे होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र विकसित केले आहे. असे पैदास केलेले मासेच मागा. समुद्रातून एक जीव कमी उचलला जाईल.

शेजाऱ्यांनी ट्रिगरसाठी वेगळी पेटी केली आणि नवी कोळंबी आणली. परवा त्या मुलीने मला हाताला धरून नेले. क्लाउनफिश दगडाजवळ निवांत थांबला होता आणि कोळंबी त्याच्या अंगावरचे बारीक किडे टिपत होती. "काकी, बघा," ती कुजबुजली, "आता ती त्याची आंघोळ घालते!"

योग्य सोबती मिळाले, तर काचेच्या घरातही संसार सुखाचा होतो.