बॉस, ‘टेबल’ म्हणजे नक्की काय?

मेलमधला प्रत्येक शब्द कळतो, वाक्य मात्र डोक्यावरून जातं? टेन्शन नको. इंग्रजी इडियम उलगडायची विद्या तुमच्याकडे आधीपासूनच आहे!

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ परभणीच्या स्टेशनबाहेर कुठल्याही रिक्षावाल्याला हे वाक्य ऐकवा, तो हसून मान डोलावेल. मुंबईत जन्मलेल्या एखाद्याला ऐकवा, तो विचारेल, ‘ही बनी कोण?’ शब्द सगळे सोपे. परभणी हे गाव आहे, एवढंही ठाऊक. तरी अर्थ हाती लागत नाही. तो लागतो कधी? बॅग उचलून नोकरी शोधायला निघालेल्या पोराला कुणीतरी हे ऐकवतं तेव्हा. जमलं तर झकास, नाहीतर आपलं गाव आहेच की!

वाक्प्रचारांचा सगळा फंडा या एका वाक्यात आहे. शब्दांची बेरीज करून अर्थ निघत नाही. कोण, कुणाला, कधी म्हणतंय, यावरून तो निघतो. परभणीकरांना ही सवय जुनी. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभार उर्दूत, घरात मराठी आणि बाजारात दखनी. डिक्शनरी न उघडता तीन-तीन भाषांतल्या म्हणी पचवणारी ही माणसं. मग त्यांचीच पोरं हिंजवडीच्या एसी मीटिंगरूममध्ये एखादा इडियम आला की गप्प का बसतात?

माझा एक मित्र मूळचा जिंतूरचा. मराठी शाळेत शिकलेला, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. अमेरिकन क्लायंटचा मेल आला, ‘लेट्स टेबल द न्यू रिपोर्ट.’ पठ्ठ्या गप्प बसला नाही, त्याने शब्द शोधला. अर्थ मिळाला, चर्चेसाठी पुढे ठेवणे. विधानसभेच्या बातम्यांत अहवाल ‘सभागृहाच्या पटलावर ठेवला’ असं येतं ना, अगदी तेच! टीम कामाला लागली. दोन रविवार गेले. तिसऱ्या आठवड्यात कॉलवर क्लायंट थंडपणे म्हणाला, ‘हे तर आपण बाजूला ठेवलं होतं ना?’

अमेरिकेत ‘टेबल’ करणं म्हणजे विषय तूर्त गुंडाळून ठेवणं! ब्रिटनमध्ये आणि त्यांच्या मागोमाग आपल्याकडेही बरोब्बर उलट. वाया गेलेले तास टीमच्या नावावर पडले आणि वर एक वाक्य ऐकायला मिळालं, ‘मराठी मीडियमवाल्यांचं हे असंच.’

हे वाक्य जिव्हारी लागतं. लागायलाच हवं, कारण ते साफ खोटं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकारी एका बैठकीत याच शब्दावरून भांडले होते. ब्रिटिशांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, म्हणून ते म्हणाले, टेबल करा. अमेरिकनांनाही विषय महत्त्वाचा वाटत होता, म्हणून ते म्हणाले, अजिबात टेबल करायचा नाही. बराच वेळ वाद झाला आणि मग कळलं की दोघांनाही एकच हवंय. हा किस्सा खुद्द चर्चिल यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलाय. आता त्या दोघांतलं मराठी मीडियमचं कोण होतं, सांगा बघू!

मैदान ओळखा

ऑफिसात ऐकू येणारे बरेच इडियम खेळाच्या मैदानावरून आलेत. गोची अशी, की ते मैदान आपलं नसतं. ‘स्टिकी विकेट’ म्हटलं की आपल्याला अंदाज येतो, कारण क्रिकेट आपल्या रक्तात आहे. ओली होऊन सुकत चाललेली खेळपट्टी म्हणजे बॅट्समनची कसोटी, म्हणजेच अडचणीची परिस्थिती. पण ‘रेन चेक’? ‘बॉलपार्क फिगर’? ‘टच बेस’? हे सगळं बेसबॉल. पावसाने सामना बुडाला, तर पुढच्या सामन्याला चालेल असं तिकीट अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात देऊ लागले. ते रेन चेक. म्हणून ‘आय विल टेक अ रेन चेक’ म्हणजे ‘आज नको, पुन्हा कधीतरी’. त्याला ‘आमच्याकडे पाऊस नाही’ असं उत्तर देऊ नका!

जुळे भाऊ, तोतये भाऊ

शाळेतला प्रश्न आठवतोय? ‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ तिथे आधी वाक्प्रचार, मग अर्थ, शेवटी वाक्य. ऑफिसात क्रम उलटा होतो. वाक्य आधी येऊन आदळतं, अर्थ आपण शोधायचा. अशा वेळी मराठीचा आधार घ्यायला हरकत नाही. एका दगडात दोन पक्षी इंग्रजीतही मरतात, खांद्याला खांदा तिथेही लागतो, मगरीचे अश्रूही सेम टू सेम.

पण काही जोड्या तोतया असतात. ‘पुलिंग युअर लेग’ म्हणजे तुमची गंमत करणं. मराठीत पाय ओढणारा मात्र गंमत करत नसतो, तो तुम्हाला खाली खेचत असतो. एखाद्या प्रोजेक्टमधून इंग्रजीत ‘हात धुतले’ की विषय संपला, जबाबदारी झटकली. मराठीत हात धुऊन मागे लागलं की विषय सुरूच होतो! जोडी जुळली म्हणून खूश होण्याआधी ती समोरच्या वाक्यात बसते का, हे बघाच.

गोष्टींच्या नादी लागू नका

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ का म्हणतात? तर म्हणे जुन्या इंग्लंडमध्ये कुत्री-मांजरं गवताच्या छपरावर झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची. १९९९ च्या सुमाराला ही कथा ईमेलवरून जगभर फिरली. ऐकायला सही, पण निव्वळ थाप. हा प्रयोग जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या पुस्तकातही सापडतो, आणि छपरावरच्या कुत्र्यांना कसलाच पुरावा नाही. शिवाय उगम कळला म्हणजे वापर कळतोच असं नाही. आपण तरी ‘नाकी नऊ आले’ म्हणताना नऊ म्हणजे काय, याचा विचार करतो का?

एवढं करून बघा

शब्दशः अर्थ हास्यास्पद वाटला, की तिथेच थांबा. तो बहुधा इडियम आहे.

मग वाक्याचा कल बघा. बोलणारा खूश आहे की वैतागलेला? काम पुढे ढकलतोय की मागे लागलाय? अर्धा अर्थ तिथेच मिळतो.

बोलणारा कुठला आहे, हेही बघा. लंडनचा ‘टेबल’ आणि न्यूयॉर्कचा ‘टेबल’ यांच्यामध्ये अख्खा अटलांटिक आहे.

फोनवर अर्थ शोधलात, तर पहिल्या अर्थावर थांबू नका. दुसरा, तिसराही वाचा. जिंतूरच्या गड्याला पहिलाच अर्थ नडला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, विचारा. ‘या इडियमचा अर्थ काय?’ असं विचारायला लाज वाटते ना? मग तसं विचारूच नका. अर्थाऐवजी काम विचारा. ‘सो, शुड वी स्टार्ट नाऊ ऑर वेट?’ सुरू करू की थांबू? एवढ्या एका ओळीत समोरचा आपल्या इडियमचं भाषांतर स्वतःच करून देतो. कुणाला तुमची शाळा आठवत नाही, कुणाची मान खाली जात नाही आणि टीमचे दोन रविवार वाचतात.