वस्त्र, छाया आणि पत
कापडाच्या पेढीवर वाढलेल्या मुलामुलींना आज एक नवी विद्या खुणावीत आहे. वस्त्र, अलंकार, प्रकाश व पार्श्वभूमी यांचा मेळ घालून छायाचित्र सजविण्याच्या या कलेस ‘फॅशन स्टायलिंग’ म्हणतात. १९८६ साली दिल्लीत स्थापन झालेल्या ‘निफ्ट’ या संस्थेच्या ‘फॅशन कम्युनिकेशन’ अभ्यासक्रमात तिचे शिक्षण मिळते. मुंबई व हैदराबाद येथेही संस्थेची केंद्रे आहेत.

विद्यार्थी प्रथम कल्पनेचा फलक मांडतो, उसनी वस्त्रे नोंद करून आणतो, त्यांना इस्त्री करतो आणि सैल पोशाख पाठीमागून चिमट्यांनी आवळून बसवितो. पिवळ्या दिव्याखाली निळा रंग मळकट दिसतो, हे त्यास येथे उमगते. गिऱ्हाइकासमोर पैठणी उलगडणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे मर्म नवे नाही. परंतु दुकानात गिऱ्हाईक कापड बोटांनी चाचपून पाहते; चित्र पाहून माल मागविणाऱ्यास तो आधार नसतो. चिमट्याने साधलेला घाट आणि दिव्याने खुलविलेला रंग मालात नसेल, तर माल परत येतो व पत जाते.

म्हणून पालकांनी ही विद्या मुलांस अवश्य शिकू द्यावी. मात्र चित्राने मालाहून अधिक बोलू नये, हा पेढीचा पाठ घरीच द्यावा.