संस्थापिकेची ओळख झाली; आता हे दोन प्रश्न विचारा

बेळगावची मुलं पुण्या-बंगळुरूच्या स्टार्टअपमध्ये मुलाखतीला जातात, तेव्हा संस्थापिका आधी स्वतःची ओळख करून देतात. शिक्षण, आधीची नोकरी, कंपनीचं स्वप्न. पण खरी ओळख पुढच्या दोन उत्तरांत होते. बँकेतले पैसे किती महिने पुरतील? आणि कमी पगाराच्या बदल्यात 'ईसॉप' देणार असाल, तर शेअर हातात कधी येणार?

ईसॉप म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर पुढे घेण्याचा हक्क. २०१३ च्या कंपनी कायद्याखालील नियमांनुसार पहिलं वर्षभर तो वापरता येत नाही. त्याआधी नोकरी सोडली तर हक्कही जातो. घरभाडं मात्र दर महिन्याला द्यावंच लागतं. म्हणून दोन्ही उत्तरं लेखी घ्या, मगच हो म्हणा.