भाड्याच्या घरात ओल? आधी उगम शोधा

पावसाळ्यातच बाहेरच्या भिंतीला पोपडे येत असतील, तर पाणी बहुधा तड्यांतून झिरपतं. बाराही महिने छत ओलं राहत असेल, तर वरच्या मजल्याचं बाथरूम तपासून घ्यावं.

गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांची गळती आदर्श उपविधींनुसार सोसायटीने दुरुस्त करायची असते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, वेगळा करार नसल्यास दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने टाळाटाळ केली, तर भाडेकरू खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी ही जबाबदारी करारातच लिहून घ्यावी.

बुरशी साफ करताना ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.